गेज म्हणतं वजा ५, मग ज्वाळा बाहेर कशी येते?

बॉयलर आणि भट्टीच्या ड्राफ्टबद्दल या महिन्यात बरेच प्रश्न आलेत, काही फोनवर टाइप केलेले, काही वहीच्या पानावर लिहून फोटो काढून पाठवलेले. सगळे एकाच विषयाचे असल्यामुळे यावेळी सदर पूर्ण त्यालाच देतोय. ड्राफ्ट म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक, तो मिलिमीटर पाण्यात मोजतात, वजा म्हणजे आत दाब कमी आणि ओढ आत.

प्रश्न : सर नमस्कार. मी इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसमधे बॉयलर अटेंडंट आहे. ३ टनी बॉयलर, ब्रिकेट आणि लाकूड जाळतो. पॅनलवरचं ड्राफ्ट गेज दिवसभर वजा ५ दाखवतं पण फायरडोअर उघडला की ज्वाळा अंगावर येते, परवा हेल्परच्या हाताचे केस जळाले. मालक म्हणतात गेज बरोबर आहे, तुम्ही दार घाईत उघडता. नक्की चूक कुणाची?

दादा, चूक तुमची नाही. फर्नेसमधे, म्हणजे बॉयलरच्या आगीच्या जागेत, खरोखर वजा ५ असेल तर दार उघडल्यावर बाहेरची हवा आत ओढली जायला पाहिजे, ज्वाळा बाहेर यायचं कारणच नाही. ज्वाळा बाहेर येते म्हणजे आत त्या क्षणाला प्रेशर पॉझिटिव्ह आहे, आणि गेज काहीतरी वेगळंच सांगतंय.

कारण शोधायच्या आधी आजच्या शिफ्टपासून एवढं करा. दार उघडताना एफडी (हवा आत ढकलणारा पंखा) बंद, आयडी (धूर चिमणीकडे ओढणारा पंखा) चालू, आणि उघडणारा माणूस दाराच्या आडोशाला, समोर नाही. बऱ्याच हाताने इंधन टाकायच्या बॉयलरला दारावर लिमिट स्विच असतो, दार उघडलं की एफडी आपोआप बंद पडतो, तो तुमच्याकडे असेल तर चालतोय का बघा, की कुणी तार बांधून बायपास केलाय. बायपास असेल तर ती तार आजच काढा, मालकांना नंतर सांगा.

आता गेज. गेजची रबरी नळी गेजपासून काढा. काटा शून्यावर आला पाहिजे. आला नाही तर गेजच अडकलंय. शून्यावर आला तर नळी परत लावा, आणि फर्नेसच्या बाजूला, म्हणजे जिथे पाइप भट्टीच्या भिंतीत शिरतो तिथलं प्लग उघडून सळई घाला. उघडताना हातमोजे आणि चेहऱ्याला शील्ड पाहिजेच, आणि बॉयलर कमी आगीवर ठेवून करा. माझा अंदाज आहे की तिथे राख बसलेली निघेल.

हा अंदाज मी हवेत करत नाहीये. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात नाइट शिफ्टला होतो. आयडी फॅन ट्रिप झाला, पॅनलवर गेज मात्र वजा ४ वर शांत. मी पॅनल बघितलं आणि फायरमनला म्हणालो, ड्राफ्ट आहे, टाक माल. त्याने दार उघडलं आणि त्याच्या भुवया, पापण्या गेल्या, गालाची कातडी सोलली. सकाळी आम्ही ती अर्ध्या इंची नळी उतरवली तर आत बोटाएवढा लांब राखेचा बूच, बाहेरून करडा, मधे ओला, सिमेंटसारखा घट्ट. नळी दोन्हीकडून बंद झाल्यासारखी झाली होती, शेवटचं प्रेशर आत कोंडून राहिलं होतं आणि गेज तेच दाखवत होतं. ते बूच मी कागदात गुंडाळून कितीतरी वर्षं ड्रॉवरमधे ठेवलं होतं. तेव्हापासून माझा नियम आहे, जे गेज हलत नाही त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. जिवंत फर्नेसचा काटा सतत थोडा थरथरतो, एक-दोन मिलिमीटर इकडे तिकडे. दिवसभर वजा ५ वर खिळलेला काटा हीच तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट.

गेज साफ करूनही ज्वाळा येत असेल तर ड्राफ्ट खरोखर कमी पडतोय आणि तो कुठे अडतोय ते शोधायचं. त्यासाठी एकाच ठिकाणी नाही, चार ठिकाणी मोजावं लागतं. फर्नेस, बॉयलरच्या ट्यूब संपतात तिथे, एअर प्रीहीटरनंतर, आणि डस्ट कलेक्टरनंतर आयडीच्या तोंडाशी. एका बॉयलरचे मी लिहून ठेवलेले आकडे सांगतो, साफसफाईनंतर फर्नेस वजा ४, ट्यूबनंतर वजा ३८, प्रीहीटरनंतर वजा ७०, आयडीच्या आधी वजा १३५. दीड महिन्यानंतर तेच आकडे वजा ४, वजा ७५, वजा १०५, वजा १६८. फर्नेसचं गेज बघणाऱ्याला काहीच बदल दिसला नसता, कारण ऑपरेटर आयडीचा डँपर (वाट कमी-जास्त करणारी झडप) उघडत उघडत फर्नेस वजा ४ वर ठेवत होता. पण ट्यूबमधला फरक ३४ वरून ७१ झाला, बाकी दोन ठिकाणी जवळपास तेवढाच राहिला. म्हणजे काजळी ट्यूबमधे. ब्रश मारला, काम झालं. हे कळलं नसतं तर अजून महिनाभरात डँपर पूर्ण उघडला असता, आयडीकडे द्यायला काही उरलं नसतं आणि पहिल्या ओल्या लाकडाला भट्टी पॉझिटिव्ह गेली असती.

गेजला पैसे मिळत नसतील तर पारदर्शक नळीचा यू करून लाकडी पट्टीवर ठोका, अर्धी रंगीत पाण्याने भरा, एक टोक टॅपिंगला (भट्टीच्या भिंतीतल्या मोजायच्या भोकाला), एक उघडं. दोन्हीकडच्या पाण्यातला फरक मिलिमीटरमधे मोजला की तोच ड्राफ्ट. फर्नेसचे ४-५ मिलिमीटर डोळ्याला नीट वाचता येत नाहीत, मग मोजायची बाजू आडवी करायची आणि दुसऱ्या टोकाला रुंद भांडं, दहाला एक चढ दिला की १ मिलिमीटरचे नळीवर १० होतात. मालकांना ते पाणी हलताना दाखवा, हेल्परचा हात पण दाखवा.

प्रश्न : आमची कंपनी चाकण भागात आहे. पीएनजीवरचे (पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूवरचे) दोन पॅकेज बॉयलर, चिमणी एकच, ३० मीटर. दिवसा दोन्ही चालतात, काही त्रास नाही. रात्री एकच चालतो आणि हिवाळ्यात पहाटे लो फायरला फ्लेम फेल्युअरने ट्रिप होतो. बर्नरवाले दोनदा येऊन गेले, बर्नर ठीक आहे म्हणतात. चिमणीचा काही संबंध असू शकतो का?

असू शकतो, आणि बर्नरवाले खरं बोलत असावेत.

चिमणी म्हणजे गरम धुराचा हलका खांब, बाहेर तेवढ्याच उंचीचा थंड हवेचा जड खांब, त्या दोघांच्या वजनातला फरक म्हणजे नैसर्गिक ड्राफ्ट. हिशेब सोपा आहे. ३५३ ला चिमणीच्या उंचीने गुणायचं, आणि मग (१ भागिले बाहेरचं तापमान) वजा (१ भागिले धुराचं तापमान) याने गुणायचं, तापमान केल्व्हिनमधे म्हणजे सेल्सिअसमधे २७३ मिळवून. उत्तर मिलिमीटर पाण्यात येतं. तुमची ३० मीटर चिमणी, धूर १८० अंश धरला तर मे महिन्यात दुपारी ४० अंशाला साधारण साडेदहा मिलिमीटर येतात, आणि जानेवारीत पहाटे १० अंशाला १४. काही न करता साडेतीन मिलिमीटर वाढले.

दुसरं असं की दोन बॉयलरचा धूर वाहतो तेव्हा चिमणीत आणि डक्टमधे घर्षणात काही ड्राफ्ट खर्च होतो. एक बंद झाला की धूर अर्धा आणि घर्षण साधारण चौथाई, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. तो वाचलेला ड्राफ्ट चालू बॉयलरच्या वाट्याला येतो. हाय फायरला बर्नरचा ब्लोअर जोरात असतो, तेव्हा जाणवत नाही, लो फायरला मात्र बर्नरच्या छोट्याशा ज्योतीवर चिमणीची ओढ भारी पडते, ज्योत लांबते, डिफ्यूझरपासून सुटते, फ्लेम सेन्सरला दिसत नाही आणि ट्रिप.

खात्री करायची तर बॉयलरच्या धूर बाहेर पडायच्या तोंडाशी एक ड्राफ्ट ट्रान्समीटर (दाब मोजून सिग्नल पाठवणारं यंत्र) बसवा आणि रात्रभराचा ट्रेंड काढा. ट्रिपची वेळ आणि ड्राफ्ट सर्वात जास्त असायची वेळ जुळली तर झालं निदान. उपाय म्हणजे प्रत्येक बॉयलरच्या डक्टमधे आपला आपला मॉड्युलेटिंग डँपर, जो त्या ट्रान्समीटरवर चालेल आणि बर्नर बनवणाऱ्याने जो आकडा दिलाय, बहुतेक शून्याच्या जरा खाली, तिथे प्रेशर धरून ठेवेल. यात एक गोष्ट अजिबात सोडू नका, डँपर पूर्ण उघडल्याचा लिमिट स्विच बर्नरच्या पर्ज (पेटवण्याआधी आतला गॅस हवेने बाहेर काढणं) सीक्वेन्समधे घ्यायचा, डँपर उघडा असल्याची खात्री झाल्याशिवाय पर्ज सुरू नाही आणि पर्ज झाल्याशिवाय गॅस नाही. डँपर बसवला आणि हा इंटरलॉक करायचा राहून गेला असं करू नका, बंद डँपरवर गॅस पेटवणं म्हणजे स्फोटाची तयारी.

बंद असलेल्या बॉयलरकडे पण बघा. त्याचा रस्ता उघडा असेल तर चिमणी त्याच्यातून रात्रभर थंड हवा ओढते, आतलं पाणी गार होतं, सकाळी परत तापवायला गॅस जातो. वारा उलटा पडला तर चालू बॉयलरचा धूर त्याच्यातून बॉयलर हाऊसमधे येऊ शकतो, आणि पीएनजीच्या धुरात पाण्याची वाफ भरपूर, साधारण ५५ अंशाच्या खाली ती थंड पत्र्यावर पाणी होऊन गंजवते. त्याला आयसोलेशन डँपर हवाच. आणि बॉयलर हाऊसमधे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर याच आठवड्यात लावा, त्या गॅसला ना वास ना रंग.

प्रश्न : तुम्ही नेहमी निगेटिव्ह ठेवा म्हणता. मी शिरोली एमआयडीसीत फोर्जिंगमधे आहे, आमचे जुने भट्टीवाले काका रीहीटिंग भट्टी मुद्दाम किंचित पॉझिटिव्ह ठेवतात, दाराच्या फटीतून थोडी ज्योत दिसली पाहिजे म्हणतात. ते चुकतात का?

नाही, काका बरोबर आहेत आणि हा प्रश्न आला याचा मला आनंद झाला, कारण बॉयलरचा नियम भट्टीला लावून लोक खूप माल खराब करतात. बॉयलरमधे माणसाच्या अंगावर ज्वाळा येऊ नये, बॉयलर हाऊसमधे धूर येऊ नये म्हणून निगेटिव्ह. रीहीटिंगमधे लोखंड १२०० अंशाला असतं, तिथे फटीतून थंड हवा आत ओढली गेली तर ऑक्सिजनने स्केल वाढतो, माल पापुद्र्यासारखा जातो आणि त्या हवेला तापवायला तेल जळतं ते वेगळंच. म्हणून माल ठेवतात त्या पातळीला शून्य किंवा त्याच्या केसभर वर.

फक्त "त्या पातळीला" हे शब्द महत्त्वाचे. १२०० अंशाचा गॅस इतका हलका असतो की भट्टीत एक मीटर वर गेलं की प्रेशर ०.९ मिलिमीटरने वाढतं. तुमचं टॅपिंग छताजवळ असेल, मालाच्या एक मीटर वर, आणि तिथे तुम्ही शून्य ठेवलं तर खाली मालाजवळ वजा ०.९ झालेलं असतं, दाराखालून हवा शिरत असते आणि गेज शून्य दाखवतंय म्हणून सगळे खूश. छताजवळ अधिक ०.९ ठेवा म्हणजे खाली शून्य येईल. काकांचे डोळे दाराच्या फटीकडे असतात, म्हणजे ते नेमक्या जागी मोजतायत. त्यांच्याकडून ती फट बघायला शिकून घ्या, मग मीटर लावा. मात्र ज्योत फटीतून दिसणं आणि फुरफुरत बाहेर येणं यात फरक आहे, दाराची चौकट लाल व्हायला लागली तर जास्त झालंय.

प्रश्न : मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर आहे (हो, मी एकटीच मुलगी आहे डिपार्टमेंटला). बगॅस बॉयलरचं फर्नेस प्रेशर अधिक १० ते वजा २५ मधे झुलतं. ऑटोवर टाकलं की झुलणं वाढतं म्हणून ऑपरेटर मॅन्युअलवर चालवतात. तीन ट्रान्समीटर आहेत, तीनपैकी दोन असं व्होटिंग आहे, त्यातले दोन एकाच टॅपिंगवर टी (नळीचा फाटा) टाकून घेतलेत. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी काय काय करून घेऊ?

ताई, सगळ्यात आधी तो टी काढा. तीनपैकी दोन हे व्होटिंग तेव्हाच कामाचं जेव्हा तिघं वेगवेगळ्या भोकातून बघत असतात. एका टॅपिंगवर दोघं असतील तर ते एक भोक चोकलं की दोघं मिळून तेच खोटं सांगणार आणि तिसरा, जो खरं बोलतोय, तो मतदानात हरणार. म्हणजे तुमच्या संरक्षणाचा निर्णय एका राखेच्या खड्यावर आलाय. शटडाउनमधे भिंतीला तिसरं भोक पाडून घ्या, तिन्ही एकाच उंचीला, सूट ब्लोअर (काजळी उडवणारा फवारा) आणि सेकंडरी एअरच्या तोंडापासून लांब.

पाइप एक इंची घ्या, पाव इंची ट्यूब बगॅसला टिकत नाही. ट्रान्समीटर टॅपिंगच्या वर, आणि पाइप टॅपिंगपासून ट्रान्समीटरपर्यंत सतत चढता, मधे कुठे पोट नको. बगॅसमधे निम्मं पाणीच असतं, त्यामुळे धुरात वाफ प्रचंड, पाइप गार झाला की आत पाणी होतं, चढता असेल तर परत भट्टीत उतरतं, पोट असेल तर तिथे साचतं. १० मिलिमीटर साचलेलं पाणी म्हणजे १० मिलिमीटरपर्यंत चुकीचं रीडिंग, आणि तुम्ही कंट्रोल करताय ५ मिलिमीटर. टॅपिंगच्या रेषेत सळई घालायला प्लग ठेवा आणि सळई मारायचं काम शिफ्टच्या चेकलिस्टमधे टाका, सही करायला जागा ठेवून. सळई मारताना तो ट्रान्समीटर आधी बायपासला, काम झाल्यावर बायपास काढला हे पण लिहायचं.

झुलण्याचं म्हणाल तर ट्यूनिंगला हात लावायच्या आधी डँपर तपासा. मॅन्युअलवर २ टक्के कमांड द्या आणि आयडीच्या डँपरच्या दांड्याकडे कुणाला तरी बघायला उभं करा. बऱ्याचदा पिना इतक्या झिजलेल्या असतात की ४-५ टक्क्यांपर्यंत काहीच हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो. असा डँपर असेल तर जगातला कुठलाही पीआयडी (ऑटो कंट्रोलर) झुलणारच. पिना, बुश बदला, किंवा आयडीवर व्हीएफडी (मोटरचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह) असेल तर फर्नेस प्रेशर स्पीडने धरा आणि डँपर उघडा ठेवा. ट्रान्समीटरचं डँपिंग (रीडिंग सावकाश बदलू देणारी सेटिंग) कुणी १० सेकंद करून ठेवलंय का तेही बघा, ट्रेंड गुळगुळीत दिसावा म्हणून लोक वाढवतात, पण मग कंट्रोलरला बातमी उशिरा मिळते. एक-दोन सेकंद पुरे. आणि एफडीच्या कमांडचा फीडफॉरवर्ड (आगाऊ सूचना) आयडीला द्या, हवा वाढली की ओढणारा त्याच वेळी निघाला पाहिजे, प्रेशर बिघडायची वाट बघत बसायला नको.

हे सगळं करूनही थोडं झुलेल, कारण फीडरमधून बगॅस ठोक्या-ठोक्याने पडतो आणि ओला माल ग्रेटवर ढीग होऊन बसला की तो फुटतो तेव्हा एकदम भडका होतो. तो इंधनाचा प्रश्न, फीडरवाल्यांशी बसून सोडवायचा.

ट्रिपबद्दल तुम्ही विचारलं नाही पण लिहितो. पॉझिटिव्ह बाजूचा ट्रिप सगळे लावतात, निगेटिव्ह बाजूचा विसरतात. फर्नेस आत पण चेपू शकतं. आग अचानक गेली की गॅस गार होऊन आकुंचन पावतो आणि आयडी ओढतच असतो. १ मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर १ किलो. वजा २०० झालं आणि भिंत ५ बाय ८ मीटरची असली तर त्या एका भिंतीवर बाहेरून ८ टन दाबतायत. म्हणून फार पॉझिटिव्ह गेलं तर इंधन आणि एफडी बंद, फार निगेटिव्ह गेलं तर इंधन आणि आयडी बंद. आकडे बॉयलर बनवणाऱ्याच्या कागदावरून घ्या, शेजारच्या कारखान्याचे कॉपी करू नका. आणि ऑपरेटरना सोबत घेऊन करा, ते मॅन्युअलवर चालवतात कारण ऑटोने त्यांना फसवलंय. एकदा सहा-सात शिफ्ट नीट चालून दाखवा, ते स्वतःच ऑटोवर टाकतील.

प्रश्न : प्रदूषण मंडळाच्या स्टॅक टेस्टला पोर्टहोलमधून पिटो ट्यूब घालतात, तिथलं प्रेशर आणि आमच्या चिमणीच्या गेजचं प्रेशर जुळत नाही. कोण चूक?

कदाचित कुणीच नाही. पिटो धुराच्या वेगाचं प्रेशर मोजते, तुमचं गेज भिंतीजवळचं स्थिर प्रेशर. १० मीटर सेकंदाने जाणारा १८० अंशाचा धूर सुमारे ४ मिलिमीटर वेगाचं प्रेशर देतो. यात तुमच्यासाठी धोका एवढाच की गेजची नळी भिंतीच्या आत पुढे निघालेली आणि टोक प्रवाहाकडे वाकलेलं असेल तर हे ४ मिलिमीटर तुमच्या ड्राफ्टमधे मिसळतात. टोक आतल्या भिंतीशी सपाट घासून घ्या, बर (कापताना उरलेली धातूची कड) राहू देऊ नका.

प्रश्न : फर्नेस ड्राफ्टसाठी ० ते २५० मिलिमीटरचं नवीन डायफ्राम गेज आलंय, २ टक्के अचूकता. चालेल ना?

नाही चालणार. २५० चे २ टक्के म्हणजे ५ मिलिमीटर, तुम्हाला मोजायचाय तोच ५ मिलिमीटर. शिवाय ० ते २५० वर पॉझिटिव्ह बाजूच नाही, भट्टी उलटी मारायला लागली तर काटा शून्याच्या खुंटीला टेकून गप्प बसणार. वजा २५ ते अधिक २५ वालं मागवा, शून्य मधोमध असलेलं, आणि हे आलेलं आयडीच्या तोंडाशी लावून टाका, तिथे त्याचा उपयोग आहे.